दुसरी किल्ली कोणाकडे?

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी ठप्प झाले. क्रेन धडधाकट होत्या, कामगार हजर होते, माल जागच्या जागी होता. पण कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कोणत्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी संगणक यंत्रणाच मुकी झाली होती. हे टर्मिनल चालविणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील. त्या दिवशी या समूहाच्या जगभरातील कार्यालयांत एकामागून एक संगणकांचे पडदे काळे पडत गेले. मूळ कोठे होते? युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत. मर्स्कच्या ओडेसा येथील कार्यालयात हे सॉफ्टवेअर होते, आणि तेवढे पुरेसे ठरले. 'नॉटपेट्या' या नावाने ओळखल्या गेलेल्या या घातक प्रणालीने खंडणी मागण्याचे सोंग आणले होते. प्रत्यक्षात पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय तिच्यात नव्हतीच.

या प्रसंगाचे स्मरण आज करायचे ते त्याच्या उत्तरार्धासाठी. मर्स्कच्या संगणकजालात कोणत्या कर्मचाऱ्याने कोठवर प्रवेश करावा, याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ही नोंद हरवली तर बाकीचे काहीच पुन्हा उभे करता येत नाही. यातील प्रत्येक सर्व्हर इतरांची प्रत होता. एक बंद पडला तर दुसऱ्याने तत्काळ त्याची जागा घ्यावी, अशी ही रचना होती. सगळेच एका वेळी पुसले जातील, हा विचार मात्र कोणी केला नव्हता. शोधाशोध करता करता एकच सर्व्हर शाबूत सापडला, तो आफ्रिकेतील घानाच्या कार्यालयात. तो वाचला कसा? तर हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जालापासून तुटलेला होता! वीजकपातीला महाराष्ट्राने कैक वर्षे बोल लावले. तिच्या खात्यावर एवढे मोठे पुण्य कोठेतरी जमा होईल, असे कोणाला वाटले नसते. त्या सर्व्हरची हार्ड डिस्क इंग्लंडला न्यायची, तर घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एक जण ती घेऊन नायजेरियाला गेला, तेथील विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती सोपविली गेली आणि मग ती लंडनजवळच्या मेडनहेड येथे पोहोचली. त्यानंतर ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारण्याचे काम दहा दिवसांत झाले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे सांगितले.

मर्स्ककडे प्रती नव्हत्या, असे नाही. दीडशे होत्या. परंतु त्या एकमेकींशी अखंड जोडलेल्या असल्यामुळे एकीवर जे संकट आले तेच सर्वांवर आले. जी तुटलेली होती, तीच वाचली. गेल्या काही वर्षांत आपल्याकडील बँका, रुग्णालये, शाळा, सनदी लेखापालांची कार्यालये आणि लहानमोठे कारखाने यांनी आपली माहिती 'क्लाउड'वर नेली, तेव्हा नेमकी हीच गोष्ट नजरेआड झाली.

ढगाला पत्ता असतो

'क्लाउड' या शब्दाने एक गोड गैरसमज करून दिला आहे. माहिती कोठेतरी आकाशात तरंगत असून तेथे कोणाचा हात पोहोचत नाही, असे सर्वसामान्य माणसाला वाटते. वास्तविक क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील, दुसऱ्याच्या मालकीचे, भाड्याने घेतलेले संगणक. तेथे वीज जात नाही, पाणी शिरत नाही, डिस्क बिघडली तर आपोआप बदलली जाते. आग, पूर, यंत्रातील दोष यांपासून क्लाउड फार चांगले संरक्षण देतो, हे मान्य करायलाच हवे. पण त्या इमारतीत शिरण्याचा एक दरवाजा असतो. त्या दरवाजाची किल्ली म्हणजे प्रशासकाचा पासवर्ड. ती किल्ली ज्याच्या हाती पडली, तो मूळ माहितीही पुसू शकतो आणि तिच्या प्रतीही.

हे काही काल्पनिक भय नाही. जून २०१४ मध्ये 'कोड स्पेसेस' नावाच्या कंपनीबाबत हेच घडले. सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांची आज्ञावली सांभाळून ठेवणे हाच तिचा व्यवसाय, आणि आपल्या बॅकअपच्या पक्क्या व्यवस्थेची ती जाहिरातही करीत असे. तिचे सर्व कामकाज अमेझॉनच्या क्लाउडवर होते. हल्लेखोराने तेथील नियंत्रण-फलकाचा ताबा मिळवून खंडणी मागितली. कंपनीने पासवर्ड बदलून त्याला बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने आधीच तयार करून ठेवलेल्या दुसऱ्या खात्यांवरून आत येऊन दिसेल ते पुसायला आरंभ केला. बारा तासांत माहिती, तिच्या प्रती आणि 'अन्यत्र' ठेवल्याचे सांगितलेल्या प्रती, यांतील बहुतांश भाग नष्ट झाला. कंपनीला आपला व्यवसाय गुंडाळावा लागला. 'अन्यत्र' म्हणजे वेगळ्या जागी, पण त्याच किल्लीने उघडणाऱ्या खोलीत. हा त्या अनर्थाचा अर्थ.

नऊ वर्षांनी तरी जग शहाणे झाले का? ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्याच 'क्लाउडनॉर्डिक' या क्लाउड सेवा देणाऱ्या कंपनीवर पाळी आली. या वेळी बळी गेला तो ग्राहक नव्हे, खुद्द ढगाचा मालक. कंपनी आपले सर्व्हर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवीत होती. त्यांतील काहींत आधीपासूनच विषबाधा झालेली होती. पण ते वेगळ्या जालावर असल्यामुळे ती सुप्त राहिली होती. स्थलांतराच्या गडबडीत ते अंतर्गत जालाला जोडले गेले आणि हल्लेखोरांना मध्यवर्ती प्रशासन यंत्रणेचा व बॅकअप यंत्रणेचा, दोन्हींचा रस्ता मिळाला. सर्व्हरच्या डिस्क, पहिली प्रत आणि दुसरी प्रत, सारे काही कुलूपबंद झाले. आपल्या बहुतेक ग्राहकांची सर्व माहिती गेली असून ती परत आणता येणार नाही, असे कंपनीने प्रांजळपणे जाहीर केले. खंडणी देणे आपल्याला शक्य नाही आणि देणारही नाही, असेही सांगितले. या ग्राहकांत लहान दुकानदार आणि व्यावसायिक होते. आपली माहिती सांभाळण्यासाठी पैसे मोजले म्हणजे आपले काम संपले, असा त्यांचा समज होता. तो समज आज पुण्या-नाशिकच्या लहान उद्योजकांचाही आहे.

जानेवारी २०२५ मध्ये तर आणखी पुढची पायरी उघडकीस आली. 'कोडफिंगर' या नावाने नोंदल्या गेलेल्या टोळीने कोणाच्याही संगणकात विषाणू सोडला नाही. चोरलेल्या किल्ल्या वापरून तिने अमेझॉनच्या साठवण सेवेत प्रवेश केला आणि ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी जी सांकेतिक कुलुपाची सोय तेथे दिलेली आहे, तीच वापरून त्याची माहिती आपल्या कुलुपात बंद केली. मूळ किल्ली टोळीपाशी. सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे तिची नोंदच राहत नाही. त्यावर सात दिवसांनी सर्व फाइली आपोआप पुसल्या जातील, अशी व्यवस्थाही लावून ठेवली. घराला चोर लागला, आणि घरातलेच कुलूप लावून निघून गेला!

आग आणि चोर

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचे प्राण गेले, कागदपत्रांचे गठ्ठे भस्मसात झाले. त्यानंतर महाराष्ट्रात नस्तींच्या संगणकीकरणाला वेग आला. त्या वेळी घेतलेला धडा बरोबर होता: कागदाची प्रत दुसऱ्या जागी हवी. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरच्या कार्यालयांतील खतावण्या भिजून गेल्या, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही तोच धडा घेतला होता. बॅकअपची संपूर्ण कल्पना अशा अपघातांतून जन्माला आली आहे.

पण आगीला बुद्धी नसते. दुसरी प्रत ठाण्याला आहे की बंगळुरूला, याची ती चौकशी करीत नाही. खंडणीखोर मात्र आत शिरल्यावर सर्वप्रथम तेच शोधतो. कारण उघड आहे. ज्याच्याजवळ चांगली प्रत आहे, तो खंडणी देत नाही. म्हणून हल्लेखोर दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे, कोणाच्या लक्षात न येता आत बसून राहतो. बॅकअप कधी घेतला जातो, कोणाच्या खात्यातून घेतला जातो, किती दिवस ठेवला जातो, हे पाहतो. प्रती निकामी झाल्याची खात्री पटल्यावरच तो मूळ माहितीला कुलूप लावतो आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकते. 'सोफोस' या कंपनीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हल्ला झालेल्यांपैकी ९४ टक्के संस्थांनी आपल्या बॅकअपवरही हल्ल्याचा प्रयत्न झाल्याचे सांगितले. ही कंपनी सुरक्षेची साधने विकते, तेव्हा आकडा थोडा हातचा राखून घ्यावा. पण दिशा चुकीची नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे 'एम्स'वर, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला हल्ला याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. जालाचे योग्य विभाजन नसल्यामुळे हल्लेखोरांना शिरकाव करता आला, असे सरकारने संसदेत सांगितले. दोन आठवड्यांच्या आसपास देशाच्या या अग्रगण्य रुग्णालयात नोंदणी, भेटीच्या वेळा, दाखल करणे, घरी सोडणे ही सारी कामे हाताने करावी लागली. पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या रुग्णांची त्यात काय अवस्था झाली असेल, हे वेगळे सांगायला नको. परंतु या प्रकरणाची दुसरी बाजू फारशी बोलली गेली नाही. तेथील एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. त्यावरून रुग्णालयाची सर्व माहिती नव्या सर्व्हरवर पुन्हा आणता आली. तो सर्व्हर सुटला नसता तर? वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या कर्करुग्णाचा वैद्यकीय इतिहास खंडणीखोराच्या मर्जीवर राहिला असता.

आपल्या गावातील खातेपुस्तक

महाराष्ट्राला हा विषय विशेष जवळचा वाटला पाहिजे, तो सहकारामुळे. लहान सहकारी बँकेला स्वतःचे संगणक केंद्र परवडत नाही. म्हणून ती एखाद्या मोठ्या पुरवठादाराच्या सामायिक यंत्रणेवर आपली खाती ठेवते. ही योजना व्यवहार्य आहे, किंबहुना तिच्यामुळेच तालुक्याच्या गावातील बँकेला शहरी बँकेच्या बरोबरीने ऑनलाइन सेवा देता आली. पण शंभर घरांची एकच भिंत असली की भगदाडही शंभर घरांना पडते. ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने 'सी-एज टेक्नॉलॉजीज' या पुरवठादाराच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता व्यक्त करून त्या कंपनीला देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले. सुमारे तीनशे लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व तत्सम व्यवहार थांबले. सुदैवाने तपासणीनंतर दुसऱ्याच दिवशी जोडणी पूर्ववत झाली. रोग पसरू नये म्हणून अवयव बांधून ठेवावा, तशी ही कृती होती आणि ती योग्यच होती. परंतु त्या एका दिवसात, आपली खाती नेमकी कोणाच्या इमारतीत आहेत, हे हजारो ठेवीदारांना प्रथमच कळले.

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार श्रेणींची सविस्तर चौकट घालून दिली. पतसंस्था मात्र या चौकटीच्या बाहेर राहतात. त्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. पतसंस्थेतला पैसा कोणाचा असतो? भाजी विकणाऱ्या बाईचा, रिक्षाचालकाचा, निवृत्त शिक्षकाचा. रोज संध्याकाळी पिग्मी गोळा करणारा प्रतिनिधी आपल्या यंत्रावर जी रक्कम नोंदवितो, तीच त्या बाईच्या बचतीची एकमेव नोंद. पूर्वी तिच्याजवळ शिक्का मारलेले पुस्तक असे. आज अनेक ठिकाणी ते पुस्तक गेले आणि मोबाइलवर येणारा संदेश राहिला. अशा संस्थेतील सर्व नोंदी एका सकाळी कुलूपबंद झाल्या, तर कोणाच्या किती ठेवी आणि कोणाचे किती कर्ज, हे कशावरून ठरवायचे? ठेवीदार घरातील संदेश दाखवतील. कर्जदार दाखवतील काय?

सहकारी बँकेतील जुन्या रोखपालाला या प्रश्नाचे उत्तर शिकविण्याची आवश्यकता नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांपाशी असतात. एकट्याने ती उघडता येत नाही. लॉकरलाही ग्राहकाची एक आणि बँकेची एक अशा दोन किल्ल्या लागतात. रोख रकमेसाठी जी दक्षता अंगवळणी पडली आहे, ती माहितीच्या बाबतीत मात्र कोणी विचारातही घेत नाही. ज्या संगणक-व्यवस्थापकाच्या पासवर्डने रोजचे काम चालते, त्याच पासवर्डने बॅकअप घेता येतो आणि त्यानेच तो पुसताही येतो. म्हणजे तिजोरी पोलादाची, पण दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीवर.

उपाय याच्या उलट दिशेने शोधावा लागतो. बॅकअप ठेवण्याचे क्लाउड खाते रोजच्या कामाच्या खात्यापासून सर्वस्वी वेगळे असावे. त्याचा पासवर्ड वेगळा, तो सांभाळणारी व्यक्ती वेगळी, आणि पुसण्याचा आदेश दोघांच्या संमतीशिवाय अमलात येऊ नये. रोजच्या यंत्रणेला त्या खात्यात फक्त भर घालता यावी, काढून घेता येऊ नये, दानपेटीच्या फटीसारखे. याच्या जोडीला ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच पुसता वा बदलता येणार नाही, अशी प्रत ठेवण्याची सोय मोठ्या क्लाउड कंपन्या गेली काही वर्षे देत आहेत. अमेझॉनने ती 'ऑब्जेक्ट लॉक' या नावाने २०१८ मध्ये आणली. बँकेतील मुदत ठेव निदान मुदतीपूर्वी मोडता तरी येते. ही मोडता येत नाही.

येथे विक्रेत्यांच्या शब्दांपासून सावध राहिले पाहिजे. 'न पुसता येणारा बॅकअप' हे शब्द माहितीपत्रकात सर्रास छापले जातात. पण अमेझॉनच्याच सोयीचे दोन प्रकार आहेत. 'गव्हर्नन्स' नावाच्या प्रकारात विशेष अधिकार असलेल्याला कुलूप ओलांडता येते. म्हणजे ज्याने तो अधिकार चोरला त्यालाही ते ओलांडता येते. 'कम्प्लायन्स' प्रकारात मात्र मुदत संपेपर्यंत खात्याच्या मूळ मालकालाही पुसता येत नाही. तेथेही एक फट राहतेच. पूर्ण खातेच बंद केले तर आतली माहिती जाते. म्हणून त्या खात्याची मूळ किल्ली रोजच्या वापरात न आणता कुलपात ठेवणे भाग आहे. पुरवठादाराच्या प्रतिनिधीला 'तुमचे कुलूप यातील कोणत्या प्रकारचे?' एवढाच प्रश्न विचारून पाहावा; पुष्कळ गोष्टी उघड होतात.

क्लाउड कितीही चांगला असला तरी एक प्रत त्याच्या बाहेर हवीच. 'तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र' हा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला. छायाचित्रकाराचे निगेटिव्ह गेले की सर्वस्व गेले, म्हणून त्याला हे आधी सुचले असावे. रॅन्समवेअरच्या युगात जाणकारांनी त्यात भर घातली: एक प्रत कोणत्याही जालाला न जोडलेली असावी. महिन्याच्या आणि वर्षाच्या अखेरची नोंद बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून, ती काढून, लॉकरमध्ये ठेवणे, याला काही हजार रुपयांपलीकडे खर्च नाही. डिस्क संगणकाला कायमची जोडून ठेवली तर मात्र तो बॅकअप नव्हे, ते दुसरे भक्ष्य. आणि फक्त कालचीच प्रत ठेवून भागत नाही. हल्लेखोर महिनाभर आत बसला असेल तर कालच्या प्रतीतही तोच असतो.

एका पुरवठादाराच्या भरवशावर राहू नये, हे मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीच्या बाबतीत दिसले. तेथे खंडणीखोर नव्हता. गुगल क्लाउडकडूनच चुकून त्या निधीचे खाते पुसले गेले, दोन ठिकाणच्या प्रतींसह. दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रतींमुळे निधी सावरला. भारतात जुलै २०२५ मध्ये 'नायरा एनर्जी' या तेलशुद्धीकरण कंपनीची सेवा युरोपीय निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर मायक्रोसॉफ्टने अचानक थांबविली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा ती पूर्ववत झाली. या घटनेने स्वदेशी क्लाउडचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला, आणि तो महत्त्वाचा आहेच. वित्तीय क्षेत्रासाठी देशांतर्गत क्लाउड उभारण्याचे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, ते स्वागतार्ह पाऊल होय. तथापि, स्वदेशीचा अभिमान ही सुरक्षेची हमी नव्हे, हे स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीच सर्वप्रथम ओळखले पाहिजे. एम्सचे सर्व्हर दिल्लीतच होते. सर्व्हर कोणत्या देशात आहे, हा सार्वभौमत्वाचा प्रश्न. त्याची किल्ली कोणापाशी आहे, हा सुरक्षेचा. एकाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळाले, असे होत नाही.

यापुढची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. प्रत आहे, पण ती उघडते का? जानेवारी २०१७ च्या अखेरीस 'गिटलॅब' या कंपनीच्या अभियंत्याने चुकून मुख्य माहितीकोश पुसला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती तेथे होत्या. ऐन वेळी पाहिले तर पाचांतील एकही धड चालत नव्हती. कोणा अभियंत्याने योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीने लाज राखली. अशा परीक्षेची वेळ संकटाच्या दिवशी येऊ नये, म्हणून वर्षातून दोनदा तरी एखाद्या रविवारी रिकाम्या संगणकावर सर्व खाती बॅकअपमधून उभी करून, ताळेबंदाशी पडताळून पाहावीत. किती तास लागले, याची नोंद ठेवावी. 'रोज बॅकअप होतो, हिरवा दिवा लागतो' हे उत्तर पुरेसे नाही. दिवा प्रत घेतल्याचा असतो, ती उघडण्याचा नव्हे.

खंडणी देऊन मोकळे व्हावे, असा व्यवहारी सल्लाही कोणी देतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील 'कलोनियल पाइपलाइन' या इंधनवाहिनी कंपनीने ४४ लाख डॉलर दिले. मिळालेली किल्ली इतकी संथ निघाली की कंपनीला आपल्याच बॅकअपचा आधार घ्यावा लागला. २०२४ मध्ये 'चेंज हेल्थकेअर'च्या प्रकरणात २ कोटी २० लाख डॉलर दिल्यावरही दुसरी टोळी तीच माहिती घेऊन नव्याने पैसे मागू लागली. या दुसऱ्या उदाहरणात बॅकअपची मर्यादाही दिसते. चोरून नेलेली माहिती उघड करण्याची धमकी दिली तर कोणताही बॅकअप त्यापासून वाचवू शकत नाही. तो फक्त काम पुन्हा सुरू करून देतो. तेवढ्याने सुद्धा खंडणीखोराच्या हातातील अर्धे शस्त्र गळून पडते. हल्ला झाला तर सहा तासांच्या आत 'सर्ट-इन'ला कळविणे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. अब्रूच्या भीतीने तो दडविणे हा संस्थेच्या सभासदांशी आणि उद्या त्याच टोळीच्या तावडीत सापडणाऱ्या शेजारच्या संस्थेशी केलेला द्रोह ठरतो.

घरातही हेच तत्त्व लहान प्रमाणात लागू होते. मुलांचे लहानपणचे फोटो, आजोबांनी सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, मिळकतीच्या कागदांच्या प्रती आता गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर असतात. संगणकाशी जुळवून ठेवलेला असा ड्राइव्ह हा आरसा आहे. संगणकातील फाइल बिघडली की आरशातही ती बिघडलेलीच दिसते. गुगल ड्राइव्ह बदललेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारणतः ३० दिवसांपर्यंत राखतो, तेव्हा घात लक्षात येताच संगणक जालापासून तोडून, दुसऱ्या यंत्रावरून त्या परत मिळविण्याची खटपट करावी आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरगुती संगणकांना छळणारे 'स्टॉप' कुळातील रॅन्समवेअर मुख्यतः चोरीच्या, 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरमधून शिरते, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. फुकटात मिळवलेल्या त्या प्रतीची किंमत अशा रीतीने वसूल होते.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात. लाभांश किती, थकबाकी किती, संचालकांचा भत्ता किती, यावर त्या सभांत खडाजंगी होते, आणि ती व्हावीही. कधी कधी सभेनंतरच्या अल्पोपाहारावरूनही होते. संस्थेची सर्व खाती बॅकअपमधून उभी करून शेवटचे कधी पाहिली आणि त्याला किती तास लागले, हे अहवालात कोठेच नसते. आणि उभे राहून ते विचारणारा सभासदही विरळाच. लेखापरीक्षकाच्या शेऱ्याखाली त्या तारखेला एक ओळ पुरेल.